कॉफी वणीला, घाट नंतर

सायकलवाल्या पोरी,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, ‘काका, सप्तशृंगीचा गड चढून आले, पण झोप नाही, छातीत धडधडतंय. कॉफी बंद करू का?’ सकाळी फोनवर सगळा हिशेब कळला. निघताना उपाशीपोटी एक, नांदुरीला घाटाच्या पायथ्याशी घाईघाईत एक आणि संध्याकाळी गंगापूर रोडवर मैत्रिणींसोबत भला मोठा ग्लास कोल्ड कॉफी. बंद कशाला करतेस? तुझी वेळ चुकली, एवढंच. धडधड पुन्हा झाली तर मात्र मला मेसेज करू नकोस, डॉक्टरांकडे जा.

कॉफी पोटात गेल्यावर तिचा जोर रक्तात पूर्ण उतरायला पाऊण ते एक तास लागतो. तू नांदुरीला प्यायलीस. तिथून गड १० किलोमीटर. म्हणजे घाटभर पाय स्वतःच्याच जिवावर चालले आणि कॉफी कामाला लागली तेव्हा तू वर पोहोचत आली होतीस. तीच वणीला प्यायची. वणी ते नांदुरी १४-१५ किलोमीटर, तुझ्या वेगाने पाऊण तास. पायथ्याशी पोहोचशील तेव्हा ती तयार असेल. सोबत पोहे, केळं, काहीतरी पोटात हवंच. कॉफी म्हणजे जेवण नव्हे, पोट रिकामं असेल तर ती नुसती हात थरथरवते.

किती प्यायची? खेळाडूंसाठी सांगतात ते माप वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन. तुझं वजन ५५ धरलं, तर खालच्या टोकालाही १६५ मिलिग्रॅम होतात. इन्स्टंट कॉफीचा २ ग्रॅमचा सपाट चमचा घे, त्यात साधारण ६० मिलिग्रॅम. पण आपल्याकडच्या कॉफीत बऱ्याचदा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, मिसळलेली असते आणि चिकोरीत कॅफिन नसतंच. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं, वाच. तू एका कपापासून सुरू कर, नंतर बघू. आणि घरची कॉफी, म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली, ती राईडला मोजूच नकोस. जायफळ आपण तान्ह्या बाळाला झोप यावी म्हणून उगाळून चाटवतो आणि तेच कॉफीत घालतो. पाहुण्याला नक्की जागं ठेवायचंय की झोपवायचंय, हे मला आजवर उमगलेलं नाही.

संध्याकाळच्या ग्लासाचं म्हणशील, तर कॅफिन निम्मं उतरायला पाच-एक तास लागतात. सहाला प्यायलीस, तर अकराला निम्मं अंगात शिल्लक. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठायचं असेल तर दुपारनंतर नको. हे मी सांगतोय खरं, पण मला ते फार उशिरा कळलं.

ऐक. सहाशेच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत ६०० किलोमीटर सायकलने कापायच्या राईडला, ४० तास मिळतात. माझ्या पहिल्या सहाशेला मी झोपेचा काटा कॉफीने काढायचं ठरवलं. परतीच्या वाटेवर मालेगावच्या अलीकडे, रात्रीचे अडीच. चौथी की पाचवी कॉफी झाली होती. डोळे टक्क उघडे, डोकं मात्र बंद. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ एकाची दोन व्हायला लागली आणि गंमत म्हणजे मला त्याची काळजीही वाटत नव्हती. एका ढाब्यावर ब्रेव्हे कार्डासाठी, म्हणजे इथवर पोहोचल्याचा पुरावा म्हणून, पावती घ्यायला थांबलो आणि आणखी एक कॉफी मागितली. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “दादा, कॉफी देतो, पण आधी त्या बाजेवर पाठ टेका. ट्रकवाल्यांना बी हेच सांगतो.” मला राग आला. माझा वेळ याच्या बापाचा आहे का, असं मनात म्हणत आडवा झालो. उठलो तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती आणि रेघ एकच होती.

नंतर वाचलं तेव्हा म्हाताऱ्याचं म्हणणं कळलं. दिवसभर जागं राहिलं, कष्ट केले की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते आपल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन काय करतं? त्याच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं, एसटीत टाकतो तसा. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही, दारातच ताटकळतं आणि रुमाल उचलला की सगळं एकदम आत घुसतं. थकवा फिटलेला नसतो, फक्त जाणवत नसतो. घाटाच्या पाऊण तासाला ही उधारी चालते, रात्रभर हायवेवर नाही. आपल्या नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, ती दोघांच्या गटात, म्हणजे एक रस्त्यावर असताना दुसऱ्याला पाठ टेकता येते. रात्रीच्या राईडला डोळे जड झाले तर एक कप पी आणि लगेच वीस मिनिटं आडवी हो. कॉफी चढायच्या आत डुलकी होते, उठताना दोन्हींचा फायदा मिळतो.

तू विचारलंस, परदेशातले सायकलवाले कॉफीचं एवढं कौतुक का करतात. त्यात पैशाचाही भाग आहे. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ साली आपली पहिली टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा त्याच्या जर्सीवर ‘फाएमा’ लिहिलेलं होतं. ही मिलानची कॉफी मशीन बनवणारी कंपनी. स्प्रिंगच्या दांड्याऐवजी पंपाने दाब देणारं ‘ई-६१’ मशीन तिचंच, १९६१ सालचं. पण मला त्याहून आवडतो तो लुइस हेरेरा. कोलंबियाचा माळीकाम करणारा पोरगा, १९८७ साली स्पेनची व्हुएल्टा शर्यत जिंकला. त्याच्या जर्सीवर ‘काफे दे कोलंबिया’, म्हणजे तिथल्या कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या महासंघाचा ब्रँड. शेतकऱ्यांनी आपल्या डोंगरातली पोरं युरोपात नेली! दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांनी द्राक्षाच्या नावाची जर्सी काढली तर काय बहार येईल, असं मला दर मोसमात वाटतं. कुणापुढे बोललो की हसतात.

एक गंमत आणखी. २००४ पर्यंत कॅफिन बंदीच्या यादीत होतं. लघवीत मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं की गुन्हा. आता बंदी नाही, फक्त नजर ठेवतात. पण बंदी नाही म्हणून तुझ्या त्या मित्रासारख्या कॅफिनच्या गोळ्या खायला लागू नकोस. कपात निदान किती गेलं ते दिसतं.

आणि ग्राइंडर घ्यायचं म्हणतेस, त्यावर माझं स्पष्ट मत: आधी ब्रेक पॅड. गडावरून उतरताना तुझा मागचा ब्रेक कसा ओरडत होता ते मी ऐकलंय.

थांबशील तिथे दहा-पंधरा मिनिटं बस. फोन खिशात ठेव. मागच्या रविवारी नांदुरीला तुम्ही चौघं कॉफी संपवून उठलात, तेव्हा पाचवा नुकताच पोहोचत होता. त्याने उभ्या-उभ्या कटिंग घशाखाली लोटला आणि तसाच निघाला. घाटात तो कुठे होता, तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं नाही. शेवटच्याचा कप संपेपर्यंत पहिल्याने हेल्मेट उचलायचं नाही, एवढा नियम पाळा.

येत्या रविवारी गड नको, त्र्यंबक करू, अंगाला सोपं जाईल. पावणेसहा, पपया नर्सरीपाशी. थर्मास मी आणतो, जायफळाशिवाय. केळी तू आण, आणि त्या पाचव्यालाही निरोप दे.

तुझा,
काका