सूज एका सांध्यात, औषध मात्र अंगभर

प्रश्न : डॉक्टर, माझ्या आईला रुमॅटॉइड संधिवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज स्टेरॉइडची छोटी गोळी चालू आहे. स्टेरॉइडमुळे शुगर वाढली, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. नॅनोपार्टिकलमधून औषध थेट सुजेच्या जागी जातं असं वाचलं. हे खरं आहे का, आणि तिला मिळू शकेल का?

उत्तर : खरं आहे, पण 'थेट' या शब्दावर जरा ब्रेक लावा. त्या कणांना आईचा गुडघा कुठे आहे ते माहीत नसतं हो, ते रक्तातून सगळीकडेच फिरतात. फरक पडतो तो रक्तवाहिन्यांमुळे. जिथे दाह असतो तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी पडतात, म्हणून तर पाणी बाहेर झिरपून सांधा सुजतो. साधारण १०० नॅनोमीटरचा कण, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग वगैरे, निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर पडत नाही पण या फटींतून निसटतो. बाहेर मॅक्रोफेज पेशी टपलेल्याच असतात, दिसेल तो कण गिळायचा ही त्यांची सवय, आणि सूज पेटती ठेवण्यात याच पेशींचा मोठा हात असतो, त्यामुळे आत भरलेलं स्टेरॉइड नेमकं हवं तिथे सुटतं. मला या सगळ्यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते, रोगाचीच खोड औषधाच्या कामी येते.

आता अडचण. अशाच गिळणाऱ्या पेशी लिव्हर आणि प्लीहेतही ठाण मांडून असतात आणि बराचसा माल त्या वाटेतच उचलतात. त्यांना चुकवायला कणांवर पीईजी नावाच्या पॉलिमरचा थर देतात, त्याने कण रक्तात जास्त वेळ टिकतात, पण काही लोकांच्या शरीरात पीईजीविरुद्धच अँटीबॉडी तयार होतात आणि सलाईनमधून देताना कधीकधी रिअ‍ॅक्शन येते. शिवाय प्रयोगातल्या उंदराचा सांधा आणि वर्षानुवर्षं दुखणारा माणसाचा सांधा यात फरक आहेच.

लिपोसोम म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्या, त्यात भरलेलं कॅन्सरचं औषध डॉक्सिल १९९५ पासून वापरात आहे, आणि कोविडच्या एमआरएनए लसी लिपिड नॅनोकणांतूनच दिल्या गेल्या, म्हणजे तंत्र काही हवेतलं नाही. संधिवातात लिपोसोममधल्या प्रेडनिसोलोनच्या माणसांवर चाचण्या झाल्यात, पण नेहमीच्या उपचारात ते अजून आलेलं नाही. त्यामुळे आईसाठी आज उत्तर 'नाही' असंच आहे.

पण चेहरा आणि शुगर यावर आजही करण्यासारखं आहे. स्टेरॉइडचा डोस कमी करता येईल का, मेथोट्रेक्सेटच्या जोडीला दुसरं औषध किंवा बायोलॉजिक, म्हणजे सूज पेटवणाऱ्या ठरावीक घटकांनाच अडवणारं औषध, द्यावं का, हे तिच्या संधिवाततज्ज्ञांना स्पष्ट विचारा, हाडांची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा. फक्त घरच्या घरी गोळी एकदम बंद करू नका, बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायचं कमी करतं आणि अचानक थांबवलं की बीपी उतरून माणूस गंभीर होऊ शकतो.

प्रश्न : मग ऑनलाइन मिळणाऱ्या नॅनो कर्क्युमिनच्या कॅप्सूल तोवर सुरू करू का? नैसर्गिक आहेत म्हणतात.

उत्तर : कर्क्युमिन म्हणजे हळदीतला घटक, तो आतड्यातून फारच कमी शोषला जातो, म्हणून ते बारीक कणांत बसवतात आणि रक्तातलं प्रमाण वाढतं, इथवर ठीक. पण ते सगळ्या अंगात वाढतं, सांध्यात नेमकं पोचण्याशी त्याचा संबंध नाही, डब्यावर नॅनो लिहिलं म्हणून वरचं सगळं त्याला लागू होत नाही. आणि जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाचं लिव्हर आपण आधीच रक्त तपासून सांभाळत असतो, त्यात ही भर कशाला? घ्यायचीच असेल तर आधी डबा डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही आठवणीने सांगा.