पहिला टर्नटेबल घेताना

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, घ्यायचा म्हणतोयस ना? अरे घे बिनधास्त, पण तो सुटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेयर नको. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत सुई रेकॉर्डवर जास्तच दाबून बसते आणि ते वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. मी पहिला तसलाच घेतलेला, दोन महिन्यात हौस फिटली.

सुरुवातीला एवढंच बघ:
- सुई बदलता येते का
- फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आतच आहे का, असला की घरातल्या पॉवर्ड स्पीकरला (ज्यात अँप्लिफायर आतच असतो) प्लेयर थेट जोडता येतो, वेगळा डबा घ्यायला नको

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी60एक्स यात बसतो, बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुईची दांडी, स्वतःच रेकॉर्डवर जाऊन बसतो. फक्त तो मिनिटाला 33 आणि 45 फेऱ्यांच्या रेकॉर्डचाच, आजोबांच्या ट्रंकेतल्या त्या जड 78 च्या तबकड्या त्यावर लावू नको, त्यांना सुईच जाड लागते.

आणि आपल्याकडे खरा वैरी पाऊस. रत्नागिरीत जूनला कपाटात ठेवलेल्या रेकॉर्ड मी गणपतीला काढल्या तर कव्हरवर पांढरी बुरशी, चामड्याच्या चपलेवर येते तश्शी! रेकॉर्ड उभ्या ठेव, बाहेरच्या ओल्या भिंतीला लावून तर नकोच. स्पीकर आणि प्लेयर एकाच टेबलावर नको, आवाज घुमतो.