बोअरच्या पाण्यात समुद्री माशांची टाकी लावली आहे, पीएच ८ च्या वर जात नाही. औषध घालू का?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून एवढं कळलं: घर सोलापुरात, टाकी शंभर लिटरची, बोअरच्या पाण्यात समुद्री टाकीचं मीठ कालवलंय, दगड-वाळू घालून दहाच दिवस झालेत. अमोनिया १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम), पीएच ७.९. दुकानदार म्हणतो, पीएच वाढवायची बाटली घ्या आणि क्लाऊनफिशची जोडी सोडा.

बाटली घेऊ नका, आणि मासे तर इतक्यात नकोच.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, त्याचा माशाला फारसा त्रास नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ले जाळतो. कुठला किती, हे मुख्यतः पीएचवर ठरतं. पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्काही नसतो. तोच पीएच ८.२ ला, २५ अंश तापमानात, सात टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे अमोनिया तेवढाच ठेवून नुसता पीएच चढवला तर पाणी जास्त विषारी होतं. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माशांची पिशवी उघडून तासन् तास तशीच ठेवू नये, ती याचसाठी. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि इतका वेळ निरुपद्रवी असलेला अमोनिया एकदम झोंबायला लागतो.

मग ७.९ का? आधी अल्कलिनिटी मोजा, म्हणजे पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे ती कमी निघणार नाही, उलट समुद्री टाकीला लागणाऱ्या ८ ते ११ डीकेएचच्या (अल्कलिनिटी मोजायचं एकक) वरच निघेल असं वाटतं. तसं निघालं तर दोष बंद खोलीतल्या हवेत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. खात्री करून घ्यायची असेल तर भांडंभर पाणी गच्चीत न्या, एअर पंप लावून तासभर बुडबुडे सोडा आणि परत मोजा. पीएच वर गेला तर खिडकी उघडा, काम संपलं. अशा पाण्यात वरून बफर, म्हणजे ती पीएच वाढवायची बाटली, घातलं तर चुना खाली बसतो, पाणी दुधाळ होतं आणि हीटरवर पांढरा थर चढतो.

खरी अडचण बोअरची आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं लागतं म्हणून समुद्री माशांना चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो खारेपणा समुद्राचा नव्हे. त्यात कोणते क्षार किती आहेत याचा पत्ता नसतो, नायट्रेटही असू शकतं. उजनीचं नळाचं पाणीही थेट नको. आरओचं वापरा. मात्र घरातल्या आरओत बहुतेक वेळा टीडीएसचा स्क्रू असतो, चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळणारा. मेकॅनिककडून तो पूर्ण बंद करून घ्या किंवा मेम्ब्रेननंतर लगेच वेगळी नळी काढा, आणि तिच्यापुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषून घेणारी) नळी लावा. टीडीएस मीटरवर शून्य ते पाच दिसलं पाहिजे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा खाण्याच्या प्रतीच्या ड्रममध्ये साठा ठेवाच. या पाण्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ घालून पंपानं रात्रभर फिरवा. आत्ताचं पाणी सगळं बदललं तरी नुकसान नाही, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू दगड-वाळूवर बसतात. काढलेलं पाणी मोरीत सोडा, कुंड्यांना नको.

सोलापुरात सगळ्यात जास्त दगा देतं ते बाष्पीभवन. गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, उठला की ऊन चढायला लागतं, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टाकी अक्षरशः पाणी पिते. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरमधले दहा लिटर उडाले तर क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. आणि बोअरची तर नाहीच: १००० टीडीएसचं पाणी रोज दोन लिटर घातलं तर महिन्याला साठ ग्रॅम नको ते क्षार टाकीत जमतील. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तिथवर भरा. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंखा सोडला तर कोरड्या हवेमुळे पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, पण भरही तितकीच जास्त लागते. चिलर परवडला तर उत्तमच. लाइट जाते तेव्हा निदान एक पंप इन्व्हर्टरवर असू द्या, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

क्षारता रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणानं) मोजा, तोही ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घेतलेला. घनता १.०२५ ते १.०२६ हवी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या मागे आत्ता लागू नका, प्रवाळ ठेवाल तेव्हा बघू.

आता वाट बघायची. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, त्यामुळे अमोनिया उतरला की नायट्राइट चढेल. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांना त्याची बाधा गोड्या पाण्याइतकी होत नाही, पण ते शिल्लक आहे म्हणजे जिवाणूंचं काम अपुरं आहे. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचं किट भलताच मोठा आकडा दाखवतं, घाबरू नका. या सगळ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शेवटी वरून अमोनिया घालून तो २ पीपीएमपर्यंत नेऊन बघा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर थोडं पाणी बदलून जोडी आणा. क्लाऊनफिश दोन्ही एकदम आणले तरी चालतात, फक्त पहिला आठवडा खाणं अर्धंच टाका आणि दिवसाआड अमोनिया बघत राहा.