किल्लीच्या भोकातून घुमट

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोन दिवस रोममध्ये आहोत. अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर एका बंद दाराच्या किल्लीच्या भोकातून व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चचा घुमट दिसतो म्हणे. त्यासाठी तासभर रांग लावावी का? सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत.

उत्तर : तासभर नको. दहा मिनिटांची रांग असेल तर मात्र चुकवू नका. दार ज्या चौकात आहे तो रस्त्यावरच आहे, तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. तेव्हा सकाळी आठच्या आत पोचा. घुमट तिथून वायव्येला, सुमारे तीन किलोमीटरवर आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून त्याच्यावर पडतं आणि तो स्वच्छ दिसतो. मे महिन्यात सूर्य त्याच्या बाजूलाच मावळतो, म्हणून संध्याकाळी नुसती काळी आकृती दिसते, आणि गर्दीही तेव्हाच. रात्री उजळलेला घुमटही छान दिसतो. पावसाळी, धुरकट हवेत मात्र खेप फुकट जाते.

मेट्रोच्या बी मार्गावर चिर्को मास्सिमो स्टेशनला उतरून साधारण किलोमीटरभर चालायचं आहे. शेवटचा टप्पा चढाचा. सासूबाईंना टॅक्सीनं थेट 'पियात्सा देई कावालिएरी दी माल्ता' इथे उतरवा आणि परतताना सगळेच उतारावरून चालत या. भोकाला डोळा लावायला थोडं वाकावं लागतं, त्यांना हाताचा आधार द्या.

प्रश्न : मागच्या वेळी भोकातून काढलेले सगळे फोटो एक तर काळे आले, नाही तर घुमटाच्या जागी पांढरा डाग. काय चुकलं?

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. चौकटीत बहुतेक भाग दारामागच्या बागेतल्या कुंपणाच्या गडद बोगद्याचा असतो. कॅमेरा त्या अंधाराला उजळायला जातो आणि लांबचा घुमट पांढरा फटक होतो. पडद्यावर घुमटावर बोट दाबून धरा, फोकस तिथे अडकला की उजेडाची पट्टी खाली ओढा. फ्लॅश बंदच हवा, नाही तर भोकाभोवतीचा धातू चमकतो.

काळ्या फोटोंचं कारण झूम. साध्या लेन्सनं घुमट वाटाण्याएवढा येतो, म्हणून आपण झूम करतो, आणि अनेक फोन तेव्हा गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातात. ती लेन्स भोकासमोर नसतेच, दारासमोर असते! रांगेत उभे असतानाच एकेक लेन्स बोटानं झाकून कुठल्या झूमला कुठली चालते ते पाहून ठेवा.

आणि फोन काढण्याआधी डोळा लावा. अगदी चिकटून पाहिलं तर हिरवी कमान आणि तिच्या टोकाला इवलासा घुमट दिसतो. तेच डोकं थोडं मागं घेतलं, की भोकाची चौकट लहान होते, कमान कापली जाते आणि घुमट भोकभर होतो.

प्रश्न : एकाच भोकातून तीन देश दिसतात, हे खरं का?

उत्तर : ऐकायला झकास, पण पूर्ण खरं नाही. बाग माल्टाच्या सरदारांच्या संघाची (ही एक जुनी कॅथलिक संघटना), मधलं शहर इटलीचं, घुमट व्हॅटिकनचा. हा संघ स्वतःचे पासपोर्ट काढतो, 1994 पासून त्याला संयुक्त राष्ट्रांत निरीक्षकाचा दर्जाही आहे. पण त्याच्याकडे स्वतःची भूमी नाही. बागेला विशेष संरक्षण आहे, जमीन इटलीचीच. माल्टा नावाचा देश वेगळा. दाराबाहेरचा चौक मात्र नीट पाहा : 1765 च्या सुमारास तो पिरानेसीनं रचला. तांब्याच्या पत्र्यांवर रोमची चित्रं कोरण्यात आयुष्य गेलेल्या या माणसानं प्रत्यक्ष बांधलं ते जवळजवळ एवढंच, हा चौक आणि आतलं चर्च. त्याला पुरलंही त्याच चर्चमध्ये आहे.

प्रश्न : असं गमतीचं आणखी काही?

उत्तर : दोन आहेत. परतीच्या वाटेवर सांता सबीना या पाचव्या शतकातल्या चर्चच्या ओसरीत भिंतीला एक भोक आहे. त्यातून संत्र्याचं झाड दिसतं. संत डॉमिनिकनं लावलं अशी परंपरा. तिथे बहुधा कुणीच नसतं.

दुसरं शहराच्या पश्चिमेला, निक्कोलो पिक्कोलोमिनी रस्त्यावर. त्याच घुमटाकडे चालत जावं तसा तो लहान होत जातो, मागं सरकावं तसा मोठा! लांबून दोन्हीकडच्या इमारती त्याला अरुंद चौकटीत धरतात. टोकाशी चौकट सुटते आणि मोकळ्या आभाळात तो आक्रसल्यासारखा वाटतो. चालतच पाहा, कारण फरक हळूहळू पडतो.