समोर मोठा स्टॅक असेल तेव्हा

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत पोकरला बसणारच असाल, तर आधी चिप्स पुरेशा घ्या. तुम्ही आणि समोरचा, दोघांतला लहान स्टॅकच (पुढ्यातल्या चिप्स) खेळात असतो. १००-२००च्या (सुरुवातीच्या सक्तीच्या बेट्स) टेबलवर २०,००० घेऊन बसलात, तर समोरच्याच्या ६०,०००पैकी ४०,०००ना तुम्ही हातच लावू शकत नाही. तेवढे परवडत नसतील तर सरळ छोटं टेबल धरा.

नवीन खेळाडू सगळ्यात जास्त चुकतो तो इथे: फ्लॉपवर (टेबलवर उघडलेले पहिले तीन पत्ते) सेट लागला, म्हणजे हातातल्या जोडीला तिसरा तसाच पत्ता मिळाला, की समोरचा पत्ते टाकून पळेल या भीतीने चेक करत, म्हणजे पैसे न लावता, बसतो. गणित बघा. पॉट (मध्ये जमलेले पैसे) २,०००चा आहे. फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा पत्ता) तिन्हींवर अर्धा पॉट लावला आणि त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे टाकले, तर त्याचे ७,००० येतात. पूर्ण पॉट लावला तर २६,०००! फ्लॉपवर न लावलेली बेट पुढे सहसा भरून निघत नाही.

सुरुवातीला आणखी दोनच गोष्टी सांभाळा:
- मोठा ड्रॉ (अजून न जुळलेले, पण पुढच्या पत्त्याने भारी होऊ शकणारे पत्ते) असतानाही तेवढीच बेट लावा. फक्त भारी पत्त्यांवरच पैसे टाकलेत की टेबल तुम्हाला ओळखतं आणि कॉल बंद होतात.
- शक्यतो मोठ्या स्टॅकवाल्यानंतर तुमची पाळी येईल अशा जागी बसा.

आणि रिव्हरला त्याने मोठं रेझ केलं (तुमची बेट वाढवली), तर एका जोडीवर अख्खा स्टॅक घालू नका. बिनधास्त फोल्ड करा, पत्ते टाकून द्या.