कार्टून पुसा, प्राण लिहा

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या सुट्टीतल्या शिबिरात मुलांनी शाडूच्या बाहुल्यांच्या छोट्या फिल्म केल्या. फलकावर 'कार्टून महोत्सव' असं लिहिलंय. काही सभासदांना 'ॲनिमेशन' हवंय, काहींना मराठी शब्द. योग्य काय?

उत्तर : आधी 'कार्टून' पुसा. पडद्यावर नट सोडून काहीही हललं की ते कार्टून, हे ठाण्यापासून बेलापूरपर्यंत ऐकून कान किटलेत. शाडूची बाहुली कार्टून कशी होईल? इटालियन 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगवण्याआधी चित्रकार त्या आकाराचा आराखडा कागदावर काढत, रेघांवर भोकं टोचत आणि रांगोळीच्या छाप्यासारखी त्यातून कोळशाची पूड भिंतीवर उतरवत. लंडनच्या नव्या पार्लमेंटसाठी १८४३ साली असे आराखडे प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा 'पंच' साप्ताहिकाने खवचटपणे आपल्या टीकाचित्रांनाही तेच नाव दिलं आणि ते चिकटलं. वाशीच्या फळबाजारात सफरचंदं येतात ते 'कार्टन' याचंच भावंड.

गंमत अशी, की कागदाचा हा शब्द कार्टूनपटांनाही धड बसत नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांच्या डायनोसॉरच्या फिल्मसाठी १९१४ साली हजारो कागदांवर डोंगर-झाडं पुन्हा पुन्हा काढावी लागली होती. त्याच वर्षी अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडचे ताव, म्हणजे 'सेल', वापरण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला : पात्र सेलवर, मागचा देखावा एकदाच. म्हणजे हलणारं पात्र तरी कॅमेऱ्यासमोर कागदावर उरलं नाही. संगणक आल्यावर तर सेलही गेला. नाव मात्र अजून पुठ्ठ्याचंच.

आता 'ॲनिमेशन'. लॅटिन 'आनिमा' म्हणजे श्वास, जीव. हा शब्द आणि संस्कृत 'अन्', म्हणजे श्वास घेणे, एकाच मुळाचे. त्याच 'अन्'ला 'प्र' लागून प्राण, 'अप' लागून अपान. वाऱ्याला अनिल म्हणतो तोही तिथलाच. आणि माझा सर्वांत लाडका जोड : आनिमावरून 'ॲनिमल', प्राणावरून 'प्राणी'. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच श्वासातून एकच जनावर घडवलं!

म्हणून ॲनिमेशनला 'सचेतनीकरण' हा प्रतिशब्द वाचला की मला कापरं भरतं. चेतना 'चित्' धातूची, तिचा अर्थ जाणीव. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, ती काडी जराशी सरकव, एक फ्रेम घे, पुन्हा सरकव, अशी. त्या काड्यांना जाणीव कुठून येणार? त्यांच्यात आला तो जीव. परिभाषा करणाऱ्यांनी अर्थ पाहिला, धातू पाहिला नाही. दुसरा पंथ 'चलच्चित्र'वाल्यांचा. त्यांनी साध्या सिनेमाला काय म्हणायचं तेही सांगून टाकावं, कारण तिथेही चित्रं चळतातच.

माझा शब्द 'प्राणपट'. 'पौराणिक वाटतो' म्हणून नाकं मुरडणारे भेटले आहेत. वाटू दे की! पेणहून आलेली मूर्ती मखरात बसली की गुरुजी 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हणतात, त्यानंतर तिला कोणी शाडू म्हणत नाही. ॲनिमेटर याहून वेगळं काय करतो? सेकंदाच्या चोवीस फ्रेम्स, बहुतेकदा बारा निराळ्या स्थिती, प्रत्येक स्थिती दोन फ्रेम्सवर. दोन स्थितींमधलं अंतर वाढवलं की बाहुली धावते, घटवलं की रेंगाळते. मातीचा श्वास त्या अंतरात असतो. हे सांगायला 'सचेतनीकरण'सारखा सात अक्षरांचा सरकारी शब्द कशाला?

हां, तुमचा फलक. सभासदांचं एकमत होईपर्यंत 'ॲनिमेशन' लिहा. तो शब्द चुकीचा नाही आणि मुलांना कळतो. जागा उरली तर खाली 'शाडूचे प्राणपट', आणि कोणी भांडायला आलं तर माझ्याकडे पाठवा.