वडिलांच्या शास्त्रीय संगीताच्या सीडी संगणकावर घ्यायच्या आहेत. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्री पुरेल का?

कानाला पुरेल. पण सगळे बिटरेटवरून, म्हणजे सेकंदाला किती बिट यावरून, भांडत बसतात आणि खरं नुकसान त्याआधीच, सीडी वाचताना होतं.

डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे सीडीवरच्या एका तुकड्यात, २३५२ पैकी २०४८ बाइट डेटाचे असतात, उरलेल्यांत दुरुस्तीचा जादा थर. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट आवाजाचेच. त्यामुळे मोठ्या ओरखड्यापाशी ड्राइव्ह शेजारच्या सॅम्पलवरून (आवाजाच्या एका क्षणाच्या आकड्यावरून) अंदाजाने आकडा भरतो आणि गप्प बसतो. म्हणून सीडी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम. त्यात सिक्युअर मोड लावा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतो. ड्राइव्हला कॅशे (वाचलेलं तात्पुरतं ठेवायची मेमरी) असेल तर सेटिंगमध्ये तशी खूण करा, नाहीतर दुसऱ्या वाचनात तो मेमरीतलं शिळंच पुन्हा वाढतो. सीडी अ‍ॅक्युरेटरिपमध्ये (इतरांनी उतरवलेल्या सीडींशी ताडून बघायचा ऑनलाइन साठा) सापडली नाही तर 'टेस्ट अँड कॉपी' करा, म्हणजे ट्रॅक दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनांचे सीआरसी (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळले पाहिजेत. नाही जुळले तर मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. तरीही अडलं तर ड्राइव्ह बदला.

साठवायला फ्लॅकच, म्हणजे काहीही न गमावता आकार कमी करणारा फॉरमॅट. त्याची कॉम्प्रेशन लेव्हल ५ की ८ यावर डोकं शिणवू नका, आवाज बिट न बिट तोच राहतो. तासाभराची ६३५ एमबीची सीडी साधारण ३०० ते ४०० एमबीत बसते.

फोनसाठी त्या फ्लॅकवरून लेम या एमपीथ्री एन्कोडरने व्ही २ दर्जाची एमपीथ्री बनवा, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास. आणि त्यातली जॉइंट स्टिरिओ ही सेटिंग बंद करू नका! 'त्याने स्टिरिओ मरतो' हे मी एका मित्राकडून वर्षानुवर्षं ऐकतोय. अरे, लेम डाव्या-उजव्याची बेरीज आणि वजाबाकी साठवतो, त्यातून दोन्ही चॅनेल परत निघतात. गायक मधोमध असला की त्याचं जवळजवळ सगळं बेरजेत येतं आणि वाचलेले बिट तानपुऱ्यांच्या झंकाराला मिळतात. दिशा हरवते ती इंटेन्सिटी स्टिरिओत, जिथे दोन्ही चॅनेल एकत्र करून फक्त बाजूंची पातळी ठेवतात, आणि तो लेम वापरतच नाही.

एक राहिलं. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर पण सलग असतील, तर एमपीथ्रीत सांध्यावर खटका बसू शकतो, कारण एन्कोडर दोन्ही टोकांना रिकामे सॅम्पल घालतो. लेम त्यांची मोजणी फाइलमधल्या टॅगमध्ये (माहितीच्या नोंदीत) लिहितो; प्लेअरने ती वाचायला हवी. फूबार२००० हा प्लेअर वाचतो.

आणि हो, सीडी दुकानातल्या छापील आहेत ना? घरी बर्न केलेल्या असतील तर आधी स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) बघा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं रिकामं दिसलं, तर ती बहुधा १२८ च्या एमपीथ्रीवरून बनवलेली सीडी आहे. तिच्यासाठी फ्लॅकची जागा घालवू नका.